दसरा चौक ते शाहूपुरी : जुन्या सार्वजनिक इमारतींच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२५

हद्द ठरली. कोल्हापुरात दसरा चौकातून स्टेशन रोडने शाहूपुरीच्या गल्ल्यांपर्यंत. बोर्डिंगं (विद्यार्थ्यांची वसतिगृहं), मठ, तालमी, धर्मशाळा, वाचनालयं, समाजाची सभागृहं, थोडक्यात चार लोकांच्या वर्गणीतून किंवा संस्थानच्या दरबारने दिलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारती घ्यायच्या. खासगी वाडे आणि बंगले या फेरीत नाहीत.

हाच पट्टा घेण्याचं कारण सरळ आहे. जुनं गाव अंबाबाईच्या देवळाभोवतीचं. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली, १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि गावाचं तोंड स्टेशनकडे वळलं. बोर्डिंगची चळवळ त्याच्या लगोलग सुरू झाली. पंचवीस-तीस वर्षांत या पट्ट्यात जेवढं सार्वजनिक बांधकाम झालं, तेवढं त्याआधीच्या शंभर वर्षांत झालं नसेल.

प्रत्येक इमारतीला एक तक्ता आणि एक सांकेतिक क्रमांक : दसरा चौकाच्या बाजूला द-०१ पासून, शाहूपुरीत शा-०१ पासून. नोंदींत क्रमांकच वापरायचे. पडझड, ओल, वाद या गोष्टी तक्त्यात येणार, त्या संस्थेच्या नावासह बाहेर फिरायला नकोत.

तक्त्यातली पहिली ओळ नावांची, आणि तिला तीन रकाने : पाटीवरचं नाव, कागदावरचं नाव, लोकांच्या तोंडातलं नाव. तिन्ही भरल्याशिवाय तक्ता पुढे सरकवायचा नाही. कोल्हापुरात हे फार नडतं. सीपीआर म्हणून सगळे ओळखतात ते दवाखान्याचं दगडी काम जुन्या कागदात अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल या नावाने आहे. केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ मध्ये उघडलं तेव्हा पॅलेस थिएटर होतं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० मध्ये नेटिव्ह लायब्ररी म्हणून सुरू झालं. आजचं नाव घेऊन दप्तरात शोधायला बसलं की चार तास जातात आणि हाती काही लागत नाही.

९ ऑक्टोबर २०२५

सालाचा रकाना मोडून त्याचे दोन केले. एक संस्थेचं साल, दुसरं इमारतीचं साल.

पहिले सहा तक्ते भरून आले त्या सगळ्यांत एकच चूक होती. दारावरच्या पाटीवर 'स्थापना' म्हणून जे साल लिहिलेलं, तेच इमारतीचं साल म्हणून खाली उतरवलेलं. संस्था भाड्याच्या खोलीत सुरू होते, मग दरबारकडून जागा मिळते, पाया भरतो, वर्गणी संपली की काम थांबतं, पुन्हा सुरू होतं, वास्तुशांत होते. यातल्या प्रत्येक टप्प्याचं साल वेगळं असू शकतं. पाटीवर येतं ते बहुतेक वेळा पहिल्या सभेचं साल.

संस्थांची सालं हाताशी असावीत म्हणून इथेच लिहून ठेवतो. राजाराम वसतिगृह १८९६, सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी. तिथे प्रत्यक्षात एकाच वर्गाची मुलं राहू लागली, म्हणून प्रत्येक समाजाचं वेगळं वसतिगृह काढण्याचा मार्ग महाराजांनी धरला. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१, दिगंबर जैन बोर्डिंग १९०१ (कर्मवीर भाऊराव पाटील इथे विद्यार्थी म्हणून राहिले), मोहमेडन बोर्डिंग १९०६, मिस क्लार्क वसतिगृह १९०८, दैवज्ञ आणि नामदेव बोर्डिंग १९०८, सारस्वत बोर्डिंग १९१५, प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग १९२०. मिस क्लार्क वसतिगृह अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतल्या मुलांसाठी होतं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचं नाव त्याला दिलं, त्यामुळे जुने कागद 'क्लार्क' या शब्दाने शोधायचे.

ही सगळी संस्थांची सालं आहेत. एकाही इमारतीच्या रकान्यात ती परस्पर चढवायची नाहीत.

१२ ऑक्टोबर २०२५

दिवाळी आठ दिवसांवर. रंगकाम सुरू झालंय, त्यामुळे आखलेला क्रम सोडून आधी सगळ्या कोनशिला आणि भिंतीवरचे लेख उरकायचे. रंगारी मनापासून काम करतो, आणि तिथेच घोटाळा होतो. दगड तेलरंगाने रंगवतो, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खाचेत वेगळा रंग भरतो, आणि अंधुक दिसणारा आकडा त्याला वाटला तसा गिरवतो. पुढचा माणूस तोच आकडा वाचतो.

आज अकरा लेख टिपले. पद्धत :

कॅमेरा तिपाईवर, भिंतीला अगदी समोरासमोर. खालून वर तोंड करून काढलेल्या फोटोत अक्षरं वर निमुळती होतात आणि ३ व ६ यांत फसगत होते. दगडाच्या कडेला सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी उभी लावायची. पहिला फोटो साध्या उजेडात. मग दगडावर छत्री किंवा काळं कापड धरून सावली करायची आणि हातातली बॅटरी बाजूने, भिंतीला जवळजवळ टेकवून, दहा-पंधरा अंशांच्या तिरप्या उजेडात चार फोटो : डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. आडवी रेघ वरच्या उजेडात दिसते, उभी रेघ बाजूच्या. एकच तिरपा फोटो काढून थांबलं तर अर्धी अक्षरं हुकतात.

दगडाला खडू, पीठ, राख, तेल यांतलं काहीही लावायचं नाही. तेलाने अक्षर घटकाभर छान उमटतं, पण ते दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतं, त्यावर धूळ बसते आणि वर्षभरात पाटी आणखी काळी होते. तारेचा ब्रश तर हातातही घ्यायचा नाही. काळा दगड टणक असला तरी शंभर वर्षं उन्हापावसात राहिलेल्या अक्षरांच्या कडा ठिसूळ असतात. कोरडा मऊ ब्रश, बस्स.

१५ ऑक्टोबर २०२५

शा-०७ची कोनशिला. दुमजली इमारत, पाटीवर स्थापना १९०२. कोनशिला दाराच्या डाव्या हाताला, जोत्यापासून तीन फुटांवर, ४५ बाय ३० सेंमी, काळा घडीव दगड. वर तेलरंगाचे तीन थर : तळाला हिरवा, मग पांढरा, वरचा तांबडा. दगडाच्या उजव्या बाजूवर विजेच्या जुन्या मीटरची लाकडी फळी ठोकलेली, तिने लेखाचा एक तृतीयांश भाग झाकलाय.

वाचता येतं ते एवढं : 'शके १८३', पुढचा आकडा संशयाचा, मग फळीखाली गेलेला संवत्सर, खालच्या ओळीत 'वैशाख शु॥ ३' आणि 'र' पासून सुरू होणारा वार.

संशयाचा आकडा रंगाऱ्याने ९ असा गिरवलाय. तिरप्या उजेडात मात्र वेगळंच दिसलं. वरचं वर्तुळ कोरलेलं आहे, कडा सारख्या, खोली अडीच-तीन मिलिमीटर, छिन्नीचे घाव एकाच दिशेने. खालची शेपटी मात्र उथळ आणि वेडीवाकडी, कडा खडबडीत. ती दगडाची उडालेली कपची आहे. म्हणजे मुळात शून्य होतं, त्याखालचा टवका उडाला आणि रंगाने त्याचा ९ केला.

केवळ नजरेवर विसंबायचं नाही म्हणून पंचांगाने पडताळलं. चैत्रापासून डिसेंबरपर्यंतच्या तिथीला शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. वैशाख असल्याने ७८. शके १८३० म्हणजे १९०८, शके १८३९ म्हणजे १९१७. वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय्य तृतीया, १९०८ मध्ये ३ मे रोजी रविवारी आली. १९१७ मध्ये ती २४ एप्रिलला मंगळवारी होती. लेखात वाराचं पहिलं अक्षर 'र' आहे. मंगळवार असता तर 'मं' किंवा 'भौ' कोरलं असतं. शके १८३० धरलं.

फळीखालचा संवत्सर मोकळा झाला की तिसरी साक्ष मिळेल. शकात १२ मिळवून ६० ने भागायचं, बाकी उरेल तेवढावा संवत्सर प्रभवापासून, म्हणजे साठांतल्या पहिल्यापासून, मोजायचा. १८३०ला बाकी ४२, म्हणजे कीलक. १८३९ला बाकी ५१, म्हणजे पिंगल. संस्थेला फळी काढण्याबद्दल विनंतीपत्र दिलं. मीटर बंद असला तरी वायरमन आल्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही.

कोनशिलेवरून कळतं ते पाया भरल्याचं साल. इमारत कधी पुरी झाली, हे दगड सांगत नाही. तक्त्यात 'पायाभरणी ३ मे १९०८' असंच लिहिलं.

२ नोव्हेंबर २०२५

मोजणीला सुरुवात. हे काम रटाळ आहे आणि तेच सगळ्यांत मोलाचं आहे. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हापासून या गावात कुणाला मोजमापाचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. उभ्या इमारतीची मापं एका रविवारात होतात. ती गेल्यावर जुन्या फोटोंतल्या खिडक्या मोजत बसावं लागतं.

सामान : ३० मीटरचा फायबर टेप, ५ मीटरचा पोलादी टेप, लेसर मीटर, ओळंबा, गुण्या, गवंड्याची पाण्याची नळी, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले आलेखाचे कागद. तीन माणसं पुरतात : दोघं टेपला, एक लिहायला. लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा, मगच टेप सोडायचा.

भिंतीची मापं सलग घ्यायची. टेपचं टोक एका कोपऱ्यात धरून ठेवायचं आणि दार सुरू, दार संप, खिडकी सुरू, खिडकी संप असे सगळे आकडे एकाच शून्यापासून वाचायचे. द-०२ला पहिल्यांदा तुकड्यातुकड्याने मोजलं होतं. चौदा तुकड्यांची बेरीज आणि एकूण लांबी यांत ११ सेंमीचा फरक आला. सलग मोजल्यावर तो १ सेंमीवर आला.

प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्यायचेच. जुन्या खोल्या काटकोनात असतात हा भ्रम आहे. द-०२चं मोठं दालन १९ फूट लांब, दोन कर्णांत साडेसहा इंचांचा फरक. कर्ण नसते तर नकाशा कागदावर चौकोनी दिसला असता आणि मागची भिंत शेजारच्या जागेत घुसली असती.

लेसर मीटर उंचीसाठी उत्तम, बाहेरच्या उन्हात निकामी. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर दुपारी ठिपकाच दिसत नाही. बाहेरची लांबी सकाळी लवकर किंवा टेपनेच.

भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजायची आणि त्यातून दोन्हीकडच्या गिलाव्याचा अंदाज वजा करायचा. तळमजला २ फूट, माडी दीड फूट, असा प्रकार बहुतेक ठिकाणी आहे. मध्येच ९ इंचांची भिंत लागली तर ती मागाहून घातलेली, असं धरून पुरावा शोधायला लागायचं.

९ नोव्हेंबर २०२५

छपरं. तीन इमारतींत आतून पाहता आलं, चौथ्यात तक्तपोशी (छपराखाली फळ्यांचं छत) असल्याने एकाच झरोक्यातून.

कौलांवर पाय द्यायचा नाही. एका चौरस मीटरला साधारण पंधरा मंगलोरी कौलं बसतात, त्यातलं एक तडकलं तरी पुढच्या पावसात वाशाच्या डोक्यावर पाणी. कौलाचा शिक्का पोटाकडून असतो, तो आतूनच बॅटरीने दिसतो. प्रत्येक पाखीवर, म्हणजे छपराच्या प्रत्येक उतारावर, वीस कौलं तपासायची, वेगवेगळ्या जागी. वळचणीजवळची आणि पन्हळीलगतची कौलं आधी फुटतात, आधी बदलली जातात, त्यामुळे जुनी कौलं आढ्याजवळ सापडतात.

द-०५च्या आढ्याजवळ बासेल मिशनचा शिक्का आणि त्यात १८६५ हा आकडा मिळाला. गटातल्या एकाने उत्साहाने तक्त्यात 'छप्पर १८६५' लिहिलं, ते खोडावं लागलं. १८६५ हे मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचं साल. पुढे कित्येक वर्षं निघालेल्या कौलांवर तेच छापलं जात होतं. दारावरच्या पाटीची चूक इथे छपरावर चढली. या शिक्क्यावरून घ्यायचं ते एवढंच : पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तेव्हा मिशनचा शिक्का असलेलं कौल त्याआधीचं. कौल आधीचं असलं म्हणजे छप्परही आधीचंच, असं नाही. कौलं एका छपरावरून उतरवून दुसऱ्यावर चढवली जातात.

शा-०७च्या मागच्या पडवीला लाकडी तुळया नाहीत, लोखंडी गर्डर आहेत. गर्डरच्या पोटावर कारखान्याचं नाव उठावदार रोमन अक्षरांत, पोलाद लाटतानाच उमटवलेलं असतं आणि दर काही फुटांनी पुन्हा येतं. रंगाखाली ते दिसत नाही, पण हात फिरवला की लागतं. बोटाने चाचपून, मग तिरप्या उजेडात वाचलं : टाटा. जमशेदपूरला पोलाद १९१२ मध्ये निघायला लागलं, तेव्हा ही पडवी १९०८च्या पायाभरणीबरोबरची असू शकत नाही. पुढच्या भागात सागवानी तुळया आणि मागे टाटाचा गर्डर, म्हणजे मागची पडवी नंतर जोडलेली. जोडाच्या ठिकाणी भिंतीत सरळ उभी चीर आहे, दगडांचे थर एकमेकांत गुंफलेले नाहीत. दोन्ही पुरावे जुळतात. संस्था १९०२, पाया १९०८, मागची पडवी १९१२ नंतर : एकाच दारातून आत गेलं की तीन वयं.

लाकडाबद्दल एक सावधगिरी. द-०५च्या दोन तुळयांवर रिकाम्या खाचा आहेत, चार बोटं रुंद, दोन फुटांच्या अंतराने. या छपरात त्या खाचांत काहीच बसलेलं नाही. खाचेच्या आतला रंग बाहेरच्याइतकाच काळवंडलेला. हे लाकूड आधी कुठल्या तरी माडीला कडीपाटात वापरलेलं आणि तिथून काढून इथे आणलेलं. सागवान टिकाऊ, महाग, त्यामुळे मोडलेल्या वाड्याचं लाकूड सार्वजनिक कामाला देणं ही चांगली रीत होती. पण तुळईच्या नक्षीवरून इमारतीचं वय काढायला गेलं की हमखास चुकतं.

१६ नोव्हेंबर २०२५

भिंती, चुना, पूररेषा.

चुना की सिमेंट हे ठरवायला काहीजण आम्लाचा थेंब टाकतात. त्याने निकाल लागत नाही, जुनं सिमेंटही फसफसतं. खिळ्याने सांध्यात ओरखडा काढणं बरं. चुन्याचं दर्ज (सांध्यात भरलेला मसाला) भुरभुरतं, त्यात पांढऱ्या कण्या आणि विटेच्या सुरखीचे तांबूस दाणे दिसतात. सिमेंटवर खिळा घसरतो, राखाडी रेघ उमटते. सोबत आलेल्या जुन्या गवंड्यांनी ओरखडा न काढताच सांगितलं, "घाणीचा चुना हाय ह्यो. कणी बगा की कशी बसलीया." घाणीत चुना, वाळू आणि सुरखी बैलाच्या फेऱ्यांनी दळली जायची. दळण कमी पडलं तर कण्या मोठ्या राहतात. मोठ्या कण्या दिसल्या तर काम घाईचं, असा त्यांचा ठोकताळा.

द-०३ आणि शा-०४ला दगडी जोत्याच्या सांध्यांत सिमेंटचं दर्ज भरलंय, आणि दोन्हीकडे दगडाच्या वरच्या विटा पापुद्रे सोडतायत. कारण उघड आहे. जमिनीतली ओल आधी चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडून वाळायची. सिमेंटने ती वाट बंद केली, ओल वर चढते, विटेतून बाहेर येते आणि क्षार तिथेच फुलतात. दोन्ही तक्त्यांत 'पुढच्या डागडुजीत सिमेंट काढून चुन्याचं दर्ज' अशी शिफारस लाल शाईने.

शाहूपुरीतल्या पूररेषा नोंदवायला घेतल्या. पंचगंगा फुगली की पाणी जयंती नाल्यातून उलटं मागे सरतं आणि कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दसरा चौकाच्या सखल बाजूला येतं. २०१९ आणि २०२१च्या खुणा बऱ्याच भिंतींवर आहेत. तक्ते भरताना दोन चुका झाल्या, त्या इथे लिहितो.

पहिली : ओलीच्या डागाची वरची कड हीच पूररेषा धरली गेली. वीट पाणी शोषते, डाग पाण्याच्या पातळीच्या फूटभर, कधी दीड फूट वर जातो. खरी रेषा गाळाची. ती खिडकीच्या गजांवर, दाराच्या बिजागरीमागे, जिथे कुणी पुसत नाही तिथे शोधायची. ती बारीक आणि अगदी आडवी असते.

दुसरी : पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा आणि गल्लीतलं पाणी यांची सरमिसळ. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे बंधाऱ्यावरच्या पट्टीवरचे आकडे आहेत. इमारतीच्या तक्त्यात जोत्याच्या वरच्या कडेपासून किती सेंमी, एवढंच लिहायचं.

दोन इमारतींच्या रेषा जुळवायला पाण्याची नळी वापरली : अर्ध्या इंची पारदर्शक नळी, १५ मीटर. नळीत हवेचा एक बुडबुडा अडकला तरी दोन्हीकडची पातळी चुकते. त्यामुळे पाणी बादलीतून ओढून भरायचं, मग पूर्ण नळी डोळ्याखालून घालायची, आणि दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते पाहूनच कामाला लागायचं. उन्हात पडलेली नळी वापरायची नाही, अर्धी तापलेली आणि अर्धी सावलीत असली तरी फरक पडतो.

३० नोव्हेंबर २०२५

कागद. प्रत्येक इमारतीची मिळकत पत्रिका काढायला घेतली. अर्जात वॉर्ड आणि सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) अचूक हवेत. शाहूपुरी ई वॉर्डात. शेजारच्या गल्लीचा क्रमांक पडला तर भलतीच पत्रिका मिळते आणि शुल्क परत मिळत नाही.

पत्रिकेत वाचायच्या गोष्टी तीन : धारकाचं नाव, सत्ताप्रकार (जागा कोणत्या हक्काने धारण केली आहे ते), फेरफाराच्या नोंदी. 'इमारत कधी बांधली' हे पत्रिकेत नसतं, पण धारकाचं नाव व्यक्तीकडून संस्थेकडे कधी गेलं ते कळतं. क्षेत्र जुन्या कागदात चौरस वारांत असतं, ०.८३६ने गुणलं की चौरस मीटर. गुंठा म्हणजे १२१ चौरस वार. दोन कागदांत क्षेत्र वेगळं दिसलं तर आधी एकक तपासायचं, मग अतिक्रमणाची शंका घ्यायची.

१ मार्च १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीचे ठराव आणि हुकूम दरबारी दप्तरात, बरेचसे मोडीत. मोडी वाचणारी दोन माणसं गटात आहेत, त्यांचा वेळ कोनशिलेच्या फोटोंवर घालवायचा नाही. त्यांच्यापुढे ठेवण्याआधी कागदाचं साल काढून घ्यायचं, कारण आकडे कुणालाही वाचता येतात. फसली साल, म्हणजे जुन्या महसुली कागदांतलं साल, मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं : जून ते डिसेंबरला ५९० मिळवायचे, जानेवारी ते जूनच्या सुरुवातीपर्यंत ५९१. शा-०७साठी फसली १३१७ची बाडं आधी मागवायची, मे १९०८ त्यात येतो. १३१८ची नंतर, कारण खर्चाचा हिशेब पाया भरल्यानंतरच्या सालात पडतो.

१४ डिसेंबर २०२५

जुन्या रहिवाशांशी बोलणी. प्रश्नावली बदलावी लागली. 'इमारत कधी बांधली?' या प्रश्नाला सगळे पाटीवरचं साल सांगतात, कारण तेच रोज डोळ्यांसमोर असतं. एखाद्या घटनेला टेकवून विचारलं की आठवण जागी होते. आमच्या खुणा : १९४८ची जाळपोळ, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, एकोणनव्वदचा पूर, २००५चा पूर.

शा-०७च्या मागच्या जिन्याबद्दल गल्लीतल्या आजींना विचारलं, "आजी, भूकंपाच्या वेळी हा जिना होता का हो?" उत्तर लगेच आलं, "न्हवता. मागनं दगडी पायऱ्या हुत्या, त्याच्यावनंच आमी खाली पळत आलू." म्हणजे सिमेंटचा जिना १९६७ नंतरचा. पडवीच्या कोपऱ्यात जमिनीलगत चार घडीव दगड भिंतीतून बाहेर डोकावतात, ते काय आहेत ते आता कळलं : त्याच पायऱ्यांचे बुडखे.

तोंडी माहिती तक्त्यात वेगळ्या रकान्यात, सांगणाऱ्याचं नाव न लिहिता, वय आणि गल्ली एवढंच.

२१ डिसेंबर २०२५

वायरमन येऊन गेला, शा-०७ची फळी निघाली. खाली दगड स्वच्छ, एकही रंगाचा थर नाही, अक्षरं कालच कोरल्यासारखी : 'कीलकनाम संवत्सरे'. वारही पूर्ण वाचता आला, रविवार. पायाभरणी शके १८३०, ३ मे १९०८, पक्कं. फळीखाली झाकलेला भाग जेवढा टिकला तेवढा उघडा भाग टिकलेला नाही, हे पाहून वाईट वाटलं.

संस्थेच्या कार्यकारिणीला सांगितलं : दगडाला आता रंग लावू नका, आणि जुना रंग खरवडायलाही जाऊ नका. पाटी बदलायची असेल तर 'स्थापना १९०२' तशीच ठेवून खाली 'इमारतीची पायाभरणी १९०८' अशी एक ओळ वाढवा. ते मान्य झालं.

११ जानेवारी २०२६

एकूण २३ तक्ते, १७ पूर्ण. फोटोंची नावं एका साच्यात : क्रमांक, दिशा, काय आहे, तारीख, जसं 'शा-०७-पूर्व-कोनशिला-डावा उजेड'. फोनने आपोआप दिलेल्या नावांनी आधी ठेवलेले दोनशे फोटो पुन्हा लावायला दोन संध्याकाळी गेल्या. प्रती तीन : एक गटाकडे, एक त्या-त्या संस्थेला तिच्या इमारतीपुरती, एक वाचनालयाला. संस्थेला कागदावर छापील प्रत द्यायची, पेन ड्राइव्ह कपाटात हरवतो.

उरलेल्या सहांपैकी चारांना कागद यायचेत, एकाची मोजणी पुन्हा करायची आहे (कर्ण घेतले नव्हते). सहावा द-०३. त्याचा लेख उत्तरेच्या भिंतीवर, झिजलेला, आणि बॅटरीच्या उजेडात पाच ओळींतल्या दोनच लागल्या. भिंत लांब, लेख दोन मीटर रुंद, बॅटरीचा उजेड एका टोकाकडून दुसऱ्यापर्यंत सारखा पोचत नाही. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य डोक्याच्या उत्तरेने जातो. मेअखेरीला तो उगवतो तेव्हा उत्तरेच्या भिंतीला साधारण २१ अंशांनी घासून उजेड पडतो, अख्ख्या लेखावर एकसारखा. वळवाचे ढग नसलेली एक सकाळ हवी. सव्वासहा ते पावणेसात, तिपाई आदल्या संध्याकाळीच जागेवर खूण करून ठेवायची.